बिऱ्हाडामागून

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही. मला कुत्र्यांची भीती वाटते, लिफ्टची वाटते, भलत्या वेळी वाजणाऱ्या फोनची वाटते. इंग्लंडात येऊन गाडी शिकले तीही हौसेने नाही. हे हॉस्पिटलात ऑन कॉल आणि मुलाला शाळेतून आणायला दुसरं माणूस नाही, म्हणून नाइलाजाने शिकले. टेस्ट पास झाल्यावर परीक्षक म्हणाला, "यू आर अ व्हेरी केअरफुल ड्रायव्हर, मॅडम." भित्र्या माणसाला इंग्रज केअरफुल म्हणतात, एवढं मला त्या दिवशी कळलं.

अशा बाईच्या नशिबी उतारवयात काय यावं? तर आपल्या छोट्या लाल गाडीतून, नव्याकोऱ्या मोटारहोमच्या मागे मागे, अर्धं ब्रिटन पालथं घालणं. मोटारहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर चढवलेलं घरच. आत पलंग, शेगडी, मोरी, जेवायचं टेबल, खिडक्यांना पडदे. आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसलं ते बिऱ्हाड. ते चालवायचे आमचे हे, आणि त्या बिऱ्हाडाच्या मागे मी.

हे भूल देणारे डॉक्टर. नोकरीचा बहुतेक काळ साउथहॅम्प्टनला गेला. साठी झाली तसे रिटायर झाले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. पहिले काही दिवस बागेत गेले. मग ते माझ्या स्वयंपाकघरात शिरले. मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली, तीही इंग्रजीतून. कुकरची शिट्टी झाली की घड्याळाकडे बघून म्हणायचे, "अगं, ही शिट्टी टू अर्ली झाली." जन्मभर दुसऱ्याच्या श्वासावर नजर ठेवायची सवय. आता नजर ठेवायला पेशंट उरला नव्हता, मी होते. मी देवाला म्हटलं, यांना काहीतरी उद्योग दे रे बाबा. देवाने लगेच ऐकलं. देवाकडे मागताना नीट तपशील द्यावा, ही अक्कल मला मागाहून आली.

आमच्या शेजारी एक रिटायर्ड पोलीस राहायचे. त्यांनी कुंपणावरून सांगितलं की गावाबाहेर एका कारखान्यात मोटारहोम बनतात. उन्हाळ्याच्या हंगामात त्या देशभरच्या डीलरांकडे पोचवायला ड्रायव्हर लागतात, आणि मालकाला रिटायर्ड माणसंच बरी वाटतात, कारण ती रस्त्यावर शर्यती लावत नाहीत. हे दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन आले.

"साठी बुद्धी नाठी," मी म्हटलं. "अहो, कन्सल्टंट डॉक्टर होतात तुम्ही. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, हॅपी मॅन."

नव्या गाडीला अजून स्वतःचा नंबर नसतो, म्हणून ती पोचवणारा ड्रायव्हर लाल अक्षरांच्या दोन तात्पुरत्या पाट्या पुढे-मागे बांधतो. त्यांना ट्रेड प्लेट म्हणतात. त्या पाट्या काखेत धरून हे दारात उभे राहिले तेव्हा शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखे दिसत होते.

बाकीचे ड्रायव्हर गाडी पोचवली की ती पाटी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. लॉरीवाले पाटी ओळखायचे आणि त्यांना घराच्या दिशेने सोडायचे. हे असे कुणाच्याही गाडीतून येणार, ही कल्पना मला सहन होईना. त्यातून यांना मधुमेह, सकाळी साखर उतरवणारी गोळी, वेळेवर खाणं. "मी मागून येते," मी म्हणाले. "येताना माझ्या गाडीतून या." भीतीपोटी माणूस काय काय कबूल करतो!

कारखान्याचे नियम कडक होते. गाडीतल्या गाद्यांवरची प्लास्टिकची आवरणं काढायची नाहीत, शेगडीला हात लावायचा नाही, आत खायचं-प्यायचं नाही. गिऱ्हाईकाला गाडी नव्याच्या वासासकट मिळाली पाहिजे. यांनी ऑपरेशन थिएटरात जन्म काढलेला, नियम म्हणजे नियम. साधी पेपरमिंटची गोळीसुद्धा खिशात ठेवत नसत. त्यामुळे डबा, फळं, पाणी, दोघांचे दोन थर्मास, सगळं माझ्या गाडीत. यांच्या थर्मासात बिनसाखरेचा चहा, माझ्यात चांगला गोड. ठरलेल्या ठिकाणी थांबलो की हे माझ्या गाडीत येऊन बसायचे आणि आम्ही खायचो.

बोलायची सोय म्हणजे आमच्या मुलाचे जुने सीबी रेडिओ. ऐंशीच्या दशकात इथल्या पोरांना त्याचं वेड लागलं होतं. आमच्याही चिरंजीवाने दोन सेट घेतले आणि नोकरीला गेल्यावर माळ्यावर टाकले. हे त्यातला एक सेट मोटारहोमच्या सिगारेट लायटरमध्ये खुपसायचे, दुसरा माझ्याकडे. हातात घेऊन बोलायचा एक माइक असतो. त्याचं बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. दाबून ठेवलं असेल तोवर समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही. आणि त्या चॅनेलवर आसपासच्या लॉरीवाल्यांनाही आपलं सगळं ऐकू जातं. आम्ही मराठीत बोलायचो, म्हणून मला त्याची लाज वाटत नसे. "अहो, इंडिकेटर चालूच राहिलाय." "अगं, जरा अंतर ठेव." याहून गहन आमचं काही नसायचं.

पण बोलणं थोडं आणि बघणं फार. मला समोर दिसायची ती मोटारहोमची पाठ. पांढरी, सपाट, भिंतीएवढी. एक लहानशी खिडकी, तिचा पडदा बंद. त्या भिंतीपलीकडे माझा नवरा बसलेला आहे, हे मी केवळ विश्वासावर धरून चालायचे. तो जागा आहे का, त्याचं लक्ष आहे का, हे मला कळायचं ते ब्रेकच्या दोन लाल दिव्यांवरून. दिवे वेळेवर लागले की माझा जीव जागेवर यायचा. वळणावर उशिरा लागले की मी माझाच ब्रेक दाबायचे. यांना मी पुष्कळदा सांगितलं, तर हसायचे. "ऑपरेशनच्या वेळी मीही असाच बसायचो. पेशंट आपला आपला श्वास घेत असायचा आणि भीती वाटायचं काम माझं."

एकदा वेल्सला जाताना सेव्हर्नच्या पुलावर वारा सुटला होता. ती पांढरी भिंत माझ्या डोळ्यांदेखत अख्खी बाजूला सरकली. हे खालचं पाणी, हा कठडा, आणि मध्ये ते हलकं, पोकळ घर. मी मागून मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत होते, आणि माइकचं बटण माझ्या मुठीत दाबलेलं होतं, हे मला पूल ओलांडल्यावर कळलं. "वाऱ्यापेक्षा तुझ्या आवाजानेच घाबरलो," हे म्हणाले. एका लॉरीवाल्याने इंग्रजीत विचारलं की हे गाणं कुठल्या भाषेतलं. मी रेडिओ बंद करून टाकला.

खोटं कशाला बोलू, परतीचा प्रवास मला आवडायचा. बिऱ्हाड एकदा पोचतं झालं की हे माझ्या शेजारी बसायचे, नकाशा मांडीवर घ्यायचे आणि दहा मैलांच्या आत घोरायला लागायचे. त्या घोरण्याइतकं सुखाचं मला काही वाटलेलं नाही. दिसतोय, ऐकू येतोय, हाताशी आहे. मग मी गाडी नीट चालवायचे.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं समजणार नाही.

पहिली नावाची. मी यांचं नाव कधी घेतलं नाही. आमच्या वेळी घेत नसत, आणि इंग्लंडात आल्यावरही माझी जीभ वळली नाही. बँकेतल्या बाईने नवऱ्याचं नाव विचारलं की मी पर्समधून यांचं कार्ड काढून पुढे करायचे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही कागदोपत्री नाव. घरात यांना वेगळ्याच नावाने हाक मारायचे. दोन अक्षरी, लाडाचं, मोठ्या माणसाला न शोभणारं नाव. ते शेवटी फक्त सासूबाई घ्यायच्या. त्या गेल्या, आणि त्या नावाने यांना हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही.

नावावरून यांचंच एक बोलणं आठवतं. ऑपरेशन झाल्यावर पेशंटला जागं कसं करतात, असं मी एकदा विचारलं होतं. हे म्हणाले, "मिस्टर अमुक, मिसेस तमुक म्हणून उपयोग नसतो. भूल उतरताना माणूस फार खोल असतो. तिथवर एकच नाव पोचतं, लहानपणी आईने ज्या नावाने हाक मारली असेल ते. मी आधीच विचारून ठेवतो, घरी काय म्हणतात तुला?" मी ऐकलं आणि भाजी निवडत राहिले.

दुसरी गोष्ट उपासाची. मुलगा परदेशी गेला म्हणून सासूबाई दर महिन्याची संकष्टी चतुर्थी धरायच्या. त्या गेल्यावर ती यांनी धरली. देवळात न जाणारा माणूस, पण चतुर्थी चुकवायचा नाही. इंग्रजी पेपरात हवामानाच्या कोपऱ्यात चंद्रोदयाची वेळ शोधायचे, मग आकाशात ढग असोत की धुकं, त्या वेळेला पानावर बसायचे. दिवसभरात एकदा साबुदाण्याची खिचडी, बाकी चहा. मधुमेह झाल्यावर मी भांडले. हेच पेशंटांना दटावायचे, गोळी घेऊन उपाशी राहू नका म्हणून. मला म्हणायचे, "मी डॉक्टर आहे, मला कळतं." डॉक्टराइतका वाईट पेशंट नाही. अकरा वाजता खिचडी खाल्लीच पाहिजे, एवढी एक अट मी घालून घेतली होती.

तर अशाच एका संकष्टीला, जून महिन्यात, मिल्टन कीन्सला एक मोटारहोम पोचवायची होती. सगळ्यात मोठं मॉडेल, उंचीला तर घरच. कारखान्यात निघायला उशीर झाला. कसलासा दिवा लागत नव्हता. ऑक्सफर्डच्या पुढे एका कॅफेच्या आवारात थांबून खिचडी खायची, असं ठरलं होतं. आम्ही तिथे पोचलो तर प्रवेशाला नवा लोखंडी आडवा बार बसवलेला. उंच गाड्यांना मज्जाव. मोटारहोम आत जाईना, मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले. हे पुढे निघाले, त्यामागे मी. पुढच्या थांब्यावर लॉऱ्या एकाला एक लागून उभ्या, तिथेही जागा नाही.

"अहो, कडेला कुठेही घ्या," मी रेडिओवर म्हटलं. "डबा माझ्याकडे आहे. गोळी घेतलीय ना सकाळी?"

"राहू दे गं, मिल्टन कीन्स आता जवळच आहे. डिलिव्हरी देऊन निवांत खाऊ."

काही वेळाने मी पुन्हा म्हटलं, तर आवाज आला, "स्टॉप फसिंग! डोक्याला कटकट नुसती!"

हे माझ्यावर कधी ओरडत नाहीत. कुकरवरून वाद घालतील, पण ओरडणार नाहीत. साखर उतरली की माणूस आधी चिडतो, हे मला यांनीच शिकवलेलं. मी हेडलाइट उघडझाप करायला लागले. पुढची पांढरी भिंत तशीच चालत राहिली. ब्रेकचे दिवे विनाकारण लागत होते आणि विझत होते.

मिल्टन कीन्स हे नवं वसवलेलं गाव. तिथे रस्ते आखीव, पाटीवर एच म्हणजे आडवे आणि व्ही म्हणजे उभे, आणि जिथे आडवा-उभा भेटेल तिथे राउंडअबाउट, म्हणजे सिग्नल नसलेला गोल चौक. एक ओलांडावं तर दुसरं पुढे हजर. सगळी सारखी, मध्ये गवताचा उंचवटा आणि झाडं. मला ते गाव मुळातच नको वाटायचं. पहिली काही राउंडअबाउट यांनी बरी ओलांडली. मग एकाला आम्हाला सरळ जायचं होतं, आणि हे सरळ गेले नाहीत.

मला वाटलं, वळण चुकलं असेल. राउंडअबाउटवर वळण चुकलं की पुन्हा एक फेरी घ्यायची, त्यात काही वावगं नाही. मी मागून फेरी घेतली. आमचा रस्ता पुन्हा आला. हे पुन्हा पुढे निघून गेले. पुन्हा एक फेरी. आता मोटारहोम झाडांभोवती फिरायला लागली, संथ, एका लयीत, आणि मी तिच्या मागे. बाहेरून बघणाऱ्याला गंमत वाटली असेल. म्हातारा-म्हातारीने गाड्यांची फुगडी मांडलीय.

"अहो," मी माइकमध्ये म्हटलं. "अहो, ऐकताय ना? अहो!"

खरखर झाली आणि यांचा आवाज आला. शांत, गोड, मी कधी न ऐकलेला आवाज. हा आवाज फक्त पेशंटांसाठी होता.

"बिग डीप ब्रेथ, माय डिअर. नथिंग टु वरी अबाउट. आता दहापासून उलटे आकडे मोजायचे, काउंट विथ मी. टेन..."

समोर ती भिंत गोल फिरतेय आणि रेडिओतून माझा नवरा स्वतःलाच भूल देतोय.

"नाइन..."

"अहो, थांबा! अहो!" मी ओरडत होते, पण त्यांचं बटण दाबलेलं होतं. त्यांना माझा शब्दही ऐकू जात नव्हता. मी रडत होते आणि स्टिअरिंग वळवत होते. बाजूच्या रस्त्यावरून गाड्या आत शिरत होत्या, हॉर्न मारत होत्या. एक फेरी अशी झाली की मोटारहोमची मागची चाकं मधल्या गोलाच्या काठावर चढली आणि अख्खं घर बाहेरच्या अंगाला कललं. ते परत सावरलं ते कुणाच्या पुण्याईने, देव जाणे. "एट," हे म्हणाले. पुढचा आकडा येईना. यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग टक् असा आवाज झाला. माइक हातातून पडला असावा. चॅनेल मोकळा झाला, आणि त्यात एका परक्या माणसाचा आवाज आला. एक लॉरीवाला हे सगळं ऐकत होता. भाषा कळली नसली तरी रडणं कळलं असणार.

"तिथे काय झालंय, लव्ह? कुठे आहेस तू?"

मी कसंबसं सांगितलं. माय हजबंड, डायबेटिक, मोटारहोम, राउंडअबाउट. पांढरी मोटारहोम त्याला दिसत होती. तो त्याच राउंडअबाउटच्या तोंडाशी येऊन पोचला होता. त्याने आपली भलीमोठी लॉरी आडवी घातली आणि मागची सगळी वाहतूक अडवून धरली. त्याचं बघून दुसऱ्या बाजूला एक बसवालाही थांबला. त्या गोलात मग आम्ही दोघंच उरलो.

"मी त्याच्याशी बोलून बघतो," लॉरीवाला म्हणाला. "नाव काय त्याचं?"

आणि मला सांगता येईना. माझा नवरा माझ्या डोळ्यांसमोर मरणाच्या दारात फिरतोय, एक भला माणूस नाव विचारतोय, आणि माझे ओठ मिटलेले. हात पर्सकडे गेला. कार्ड काढायला! मेलं मी कार्ड कुणाला दाखवणार होते?

"लव्ह? हिज नेम?"

तेव्हा मला ते भाजी निवडतानाचं बोलणं आठवलं. तिथवर एकच नाव पोचतं.

मी बटण दाबलं आणि ते दोन अक्षरी नाव घेतलं. आधी आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा घेतलं ते सासूबाई अंगणातून ज्या सुरात घ्यायच्या त्या सुरात, शेवटचं अक्षर लांबवून, जेवण गार होतंय आणि तू कुठे उंडारतोयस या रागाने. मग बटण सोडलं. सोडलं नसतं तर उत्तर कसं ऐकू येणार?

नुसती खरखर. मोटारहोम फिरत होती. मी पुन्हा हाक मारली.

मग खरखर तुटली, खाली पडलेला माइक यांनी वाकून उचलला असावा, आणि एका लहान मुलाचा वाटावा असा आवाज आला.

"ओ."

"ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ!" मी किंचाळले. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "हळू कर! ब्रेक लाव! डावीकडे घे, डावीकडे! आता थांब. थांब म्हणते ना!"

लाल दिवे लागले. लागून राहिले. ते बिऱ्हाड डावीकडच्या रस्त्यावर वळलं, दोन चाकं गवतावर घालून थोडं घरंगळलं, आणि उभं राहिलं. मी माझी गाडी कशी लावली, दार बंद केलं की नाही, काही आठवत नाही. थर्मास घेऊन धावले एवढं आठवतं. यांचा शर्ट घामाने चिंब होता, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. माझ्या थर्मासातला गोड चहा मी टोपणाने त्यांना पाजला, घोट घोट, दटावून. लॉरीवाला येऊन मागे उभा राहिला होता. मोठा धिप्पाड माणूस. तो म्हणाला, मी वाटेत तुमच्या डीलरकडे थांबून निरोप देतो, ते न्यायला माणूस पाठवतील. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याला नीट थँक यूसुद्धा म्हटलं नाही.

चहा संपत आला तसे यांचे डोळे जागेवर आले. आजूबाजूला बघितलं, गवत बघितलं, मला बघितलं. डॉक्टरच तो, लगेच उमगलं. मी त्यांना आत नेऊन त्या जेवायच्या टेबलापाशी बसवलं आणि खिचडीचा डबा उघडला. एवढ्या मोटारहोमच्या मागे हिंडले, पण आत बसायची माझी ती पहिलीच वेळ. प्लास्टिकचं आवरण अंगाखाली करकरत होतं.

"अगं, आत खायचं नसतं," हे म्हणाले.

"गप्प बसा आणि खा!"

हे मुकाट्याने खायला लागले. साबुदाणा टेबलावर सांडला, कोऱ्या गालिच्यावर सांडला. मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या अख्ख्या हंगामात हे गाडी चालवताना मी त्यांची पाठसुद्धा पाहिली नव्हती, पाहिली ती एक पांढरी भिंत. निम्मा डबा झाल्यावर हे थांबले.

"मला कुणी हाक मारली?"

"लॉरीवाल्याने," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. लाज वाटली.

हे बराच वेळ चमच्याने खिचडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "त्याला माझं घरातलं नाव कुणी सांगितलं?"

मी खिडकीचा पडदा सरळ करायला लागले. मग रडूच कोसळलं. यांनी टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट धरलं, आणि सवयीने बोटं नाडीवर गेली. "फार फास्ट आहे," हे म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

पाट्या त्यांनी त्याच आठवड्यात कारखान्यात परत दिल्या. मी सांगायची वेळ आली नाही. चतुर्थी तेव्हापासून मी धरते. सासूबाईंचं व्रत आहे, घरातच राहिलं म्हणजे झालं. हे पुन्हा माझ्या कुकरच्या शिट्ट्यांवर नजर ठेवायला लागले आणि मी तक्रार केली नाही.

नाव मात्र यांच्या डोक्यातून जाईना. त्या दिवशी परतीच्या वाटेवर, मग बागेत, चहा पिताना, मध्येच म्हणायचे, "अगं, पुन्हा एकदा मार ना ती हाक." कधी चेष्टेने, कधी अगदी मनापासून. आईनंतर कुणी मारली नव्हती, असंही एकदा म्हणाले. मला का ते कळत नव्हतं? मारावीशीही वाटायची. पण मी नाहीच मारली. सांगितलं ना, मी भित्री आहे. रोज घेऊन ते नाव कानाला सरावलं, आणि पुन्हा कधी यांना तेवढ्या खोलातून आणायची वेळ आली, तेव्हा यांनी ओ दिली नाही तर?